देवबाग की भोगवे? कर्लीच्या अलीकडे राहायचं की पलीकडे

कुडाळ स्टेशनजवळ घर असलं की दसरा उलटताच पाहुण्यांचे फोन सुरू होतात. यंदा पहिला फोन पुण्याच्या आतेबहिणीचा. "दादा, मुलांना मालवण-तारकर्ली हवंय, आईला कुठेतरी शांत जायचंय, आणि ह्यांनी कुठल्याशा रीलमध्ये बेट बघितलंय. काय करू?" तीन माणसांच्या तीन तऱ्हा एकाच गाडीत बसवायच्या, म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवतो. तेच इथे देतोय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी बेटाचं मिटवू. मालवणसमोरचं नावाजलेलं खरंखुरं बेट म्हणजे कुरटे. त्यावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींना गोडं पाणी. शिवराजेश्वराचं मंदिर आहे, किल्ल्यात आजही मोजकी घरं नांदती आहेत. पण पर्यटकाने होडीने जायचं, फिरायचं आणि उन्हं उतरायच्या आत परतायचं. मुक्कामाला हे बेट नाही.

दुसरं 'बेट' म्हणजे त्सुनामी आयलंड. तारकर्लीच्या पुढे, देवबागजवळ कर्ली खाडीतली ही वाळूची पट्टी २००४ च्या त्सुनामीनंतर वर आली असं गावात सांगतात. भरतीला तिच्यावर पाणी चढतं. जेट स्की, बनाना राइड, चहा-भजी, गाणी, सगळं तिथेच. भावजींनी रीलमध्ये बघितलं ते हेच, फक्त मूळ आवाज काढून वर बासरी लावलेली. सुट्टीच्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त कल्ला या 'बेटा'वर असतो.

मग शांतता कुठे? ती आहे भोगव्यात, आणि भोगवे काही बेट नाही. वेंगुर्ले तालुक्यातलं साधं गाव आहे ते, पण वागतं बेटासारखं. देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, टोकाला दोघांचा संगम. संगमाच्या पलीकडच्या अंगाला डोंगराखाली भोगवे. होडीने काही मिनिटांचं अंतर. गाडीने जायचं तर मात्र उलट मालवणच्या दिशेने यायचं, धामापूरकडून नेरूरपारचा पूल ओलांडायचा, परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं आणि मग खाली उतरायचं. तास तर जातोच. या एका वळशामुळे भोगव्याची शांतता टिकली आहे असं माझं मत आहे. उतारावर गाडी थांबवून मागे बघितलंत तर माडांनी भरलेली देवबागची पट्टी, खाडी आणि समुद्र एका नजरेत दिसतात.

पाण्यात काय करणार?

इथे मालवण-देवबाग सरळ पुढे आहे. स्कूबा, स्नॉर्केलिंग, पॅरासेलिंग, डॉल्फिन बघायला पहाटेची होडी, सगळं एका फोनवर ठरतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा ज्याला फोटोपुरती डुबकी न मारता नीट शिकायचंय त्याने तिथे चौकशी करावी. बाकीचा स्कूबा बहुतेक किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर होतो. प्रशिक्षक हात धरून खाली नेतो, मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो. पावसाळा संपल्या संपल्या पाणी गढूळ असतं, नोव्हेंबरनंतर नितळतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत स्कूबा केलेल्या माझ्या भाच्याला चष्म्यासमोर दुधाळ हिरवं पाणी आणि प्रशिक्षकाचा अंगठा एवढंच दिसलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगात चढवून, पट्टे आवळून मगच होडीत बसा. "हाताशी ठेवलंय, लागलं तर घाला" म्हणणाऱ्या होडीत बसू नका. माणसं जास्त भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला जा.

भोगव्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. लांबलचक वाळू आहे आणि चालायला पाय. देवबागच्या होड्या डॉल्फिन, निवतीचे खडक, भोगवे, संगम अशी फेरी मारतात, त्यात भोगव्याच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं येतात. त्यावरून मत बनवू नका. ते गाव संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ या वेळात बघायचं असतं. निवतीचा किल्ला जवळ, परुळ्याचं आदिनारायणाचं मंदिर जवळ, आणि वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर पाऊण तासात होतं. तेवढ्यावर दोन दिवस निघतात. ज्याचे निघत नाहीत त्याने देवबागेतच राहावं.

पोहणाऱ्यांसाठी दोन्हीकडे नियम एकच: गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात शिरायचं नाही, आणि संगमाच्या तोंडाशी तर नाहीच नाही. तिथे ओहोटी लागली की नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं. वरून सपाट, चकाकतं दिसतं. पण काठावर घोटाभर पाण्यात उभं राहून बघा, टाचेखालची वाळू चमच्याने खरवडल्यासारखी निघून जाते आणि मिनिटाभरात तुम्ही दोन बोटं खाली रुतलेले असता. मला एवढं पुरतं. मी मागे येतो.

खोली

देवबाग-तारकर्लीत खोल्या भरपूर. घरगुती निवासापासून तरणतलावाच्या रिसॉर्टपर्यंत. पण 'सी-टच' या शब्दाला भुलू नका. देवबागचा किनारा समुद्र खात आलाय, म्हणून कित्येक ठिकाणी दगडांचा बंधारा घातलाय. गेल्या डिसेंबरात माझ्या एका मित्राने भरपूर पैसे मोजून अशी खोली घेतली. समुद्र खरोखर दहा पावलांवर होता, पण मध्ये मोठाल्या दगडांची रास. मुलांनी आणलेल्या बादल्या-फावडी तशीच परत गेली. फोन करताना विचारा: खोलीसमोर वाळू आहे की दगड? आणि नाताळच्या आठवड्यात आलात तर देवबागच्या त्या एकपदरी रस्त्यावर समोरून बस आली की कोणी मागे जायचं यावर अर्धा तास वाद चालतो, हेही धरून चला.

भोगव्यात निवास मोजके, बहुतेक कुणाच्या तरी घराच्या अंगणातले. मालक तिथेच राहतो. रात्री लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, फोनला रेंज कोणत्या कंपनीची येते, हे आधीच विचारून घ्या. रोख पैसे आणि नेहमीची औषधं कुडाळातूनच घेऊन निघा. घरात हृदयविकाराचा किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर मी मालवणच्याच बाजूला राहायला सांगेन. भोगव्याहून रात्री मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांब वाटतो.

जेवण

यावर आमच्या घरात भांडणं होतात. मालवणात निवड आहे. सुरमई, पापलेट, बांगडा, तिसऱ्या, कुर्ल्या, कोंबडी-वडे, प्रत्येक खानावळीची सोलकढी वेगळी. दुपारी दीडला पोचलात तरी ताट समोर येतं. बाजारात आल्याचा गूळ लावलेला खाजा मिळतो, संध्याकाळी बंदरावर मासळी उतरताना बघता येते.

भोगव्यात निवड नसते, जेवण असतं. ज्यांच्याकडे आम्ही उतरतो त्या काकी पहिल्याच दिवशी बजावतात, "सकाळीच सांगा किती जणां जेवतली ती. आयत्या वेळार माका जमाचा नाय." सांगितलंत की मग त्यांचं बांगड्याचं तिखलं. ओलं खोबरं नाही, वाटणाचा पसारा नाही. मिरची-धणे वाटून, आमसूल टाकून रस्सा उकळला की तिरफळं येतात. काकी त्यातली काळी बी काढून टाकतात, सालं तळव्यावर जरा ठेचतात आणि पाण्याचा हबका मारून वरून सोडतात. स्वयंपाकघराबाहेर बसलेल्या माणसाच्या जिभेला तिथेच झिणझिण्या येतात. सोबत उकड्या तांदळाचा भात. माझा कौल इथे भोगव्याला, पण तुमच्याबरोबर मासे न खाणारी दोन मुलं आणि एक पनीर मागणारा जावई असेल तर काकींना त्रास देऊ नका, मालवणात जा.

एक हिशेब दोन्हीकडे लागू: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. पावसात आलात तर कुळथाची पिठी, सुका जवळा आणि कोंबडी मागा.

कधी, कसं

मेअखेरपासून ऑगस्ट सरेपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात, त्यामुळे पावसाळ्यात मालवणचं मोठं आकर्षणच जातं. भोगव्याचं काही जात नाही, उलट सडा हिरवा होतो. गणपतीत दोन्हीकडे येऊ नका. गाडीचं तिकीट मिळणार नाही आणि तुमचा यजमान स्वतःच्याच घरच्या आरतीत असेल. आंगणेवाडीच्या जत्रेला मालवणात खोली मिळणं कठीण. दिवाळी पाडव्याला मात्र मुद्दाम मालवणात थांबा, रामेश्वर-नारायणाची पालखी निघते.

रेल्वेने दोन्हीसाठी कुडाळ सोयीचं, पुढे साधारण तीस-पस्तीस किलोमीटर. मालवणला बस आणि रिक्षा मिळतात, भोगव्याला गाडी ठरवूनच जा. विमानाने आलात तर चिपीचा विमानतळ भोगव्याच्याच बाजूला, परुळ्याजवळ आहे.

संध्याकाळ

खरा फरक इथे आहे. मालवणात सूर्य बुडाला की रॉक गार्डनवरून माणसं बाजारात येतात, मग कुल्फी, मग जेवण, मग चिवल्याच्या किनाऱ्यावर एक चक्कर. भोगव्यात सातनंतर अंधार आणि लाटांचा आवाज. पहिल्या रात्री शहरातली माणसं अस्वस्थ होतात, फोन चाळतात, टीव्ही आहे का विचारतात. दुसऱ्या रात्री अंगणात खुर्च्या काढून बसतात. म्हणून भोगव्यात एक रात्र राहण्याला माझ्या लेखी अर्थ नाही. राहायचं तर दोन, नाहीतर दुपारी येऊन सूर्यास्त बघून निघा.

आतेबहिणीला मी दोन रात्री देवबाग आणि दोन रात्री भोगवे असं सांगितलंय, याच क्रमाने. आधी शांततेत राहून मग गोंगाटात गेलं की आत्याचं डोकं दुखणार, आणि मुलंही जलक्रीडा होईपर्यंत कुणाला स्वस्थ बसू देणार नाहीत. तिसऱ्या दिवशी भावजींनी सामान घेऊन गाडीने वळसा मारावा, बाकीच्यांनी होडीवाल्याशी आदल्या रात्री ठरवून, भरतीची वेळ विचारून, खाडी ओलांडावी. आत्याला तेवढं आधी सांगून ठेव म्हटलं, होडीत चढताना पाऊल पाण्यात घालावं लागतं. साडी जरा वर खोचून आणि पायात रबरी चप्पल असू दे.