सोळाशेची केबल आणि जम्पर वायरवाले काका

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका यूएसबी-टू-सीरियल केबलचा आहे. पण केबल घेतली ते दुकान त्यात येणारच, कारण ही केबल मी एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत काउंटरला टेकून, डोळ्यांदेखत तपासून घेतली.

मी नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनलची कामं करतो. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसचीही येतात. आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट नसतं आणि माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचे पीएलसी, म्हणजे पॅनलमधले यंत्र चालवणारे छोटे संगणक, अजून आरएस-232 या जुन्या सीरियल जोडणीवरच बोलतात. त्यामुळे यूएसबी-टू-सीरियल केबल म्हणजे माझ्यासाठी टेस्टरइतकीच रोजची वस्तू. तरी तीन वर्षं ऑनलाइन घेतलेल्या 260 रुपयांच्या, निळ्या पारदर्शक बिननावाच्या केबलवर काढली. स्वस्तात पडली म्हणून खूशही होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी दिंडोरीच्या पुढच्या एका पॅकहाऊसमधून रात्री साडेदहाला फोन. कोल्ड रूमच्या कॉइलवर बर्फ चढतोय, डीफ्रॉस्ट, म्हणजे हीटरने बर्फ वितळवणं, पुरत नाही. पॅनलमध्ये डेल्टा कंपनीचा जुना डीव्हीपी पीएलसी. डीफ्रॉस्टची वेळ स्क्रीनवर दिलेली नव्हती, प्रोग्राममध्येच होती. म्हणजे केबल लावा, एक आकडा बदला, घरी जा. केबल लावली, डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर पोर्टवर पिवळा त्रिकोण आणि नावाच्या जागी चक्क निरोप: पीएल2303 एचएक्सए 2012 पासून बंद, तुमच्या पुरवठादाराशी संपर्क साधा.

पुरवठादार कोण, देव जाणे. पीएल2303 ही केबलमधली चिप. तिच्या त्या जुन्या प्रकाराची बाजारात बेसुमार नक्कल झाली, म्हणून मूळ कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने असल्या चिपना दारातच अडवायला सुरुवात केली. माझी केबल कालपर्यंत जुन्या ड्रायव्हरवर मुकाट चालत होती. आदल्या रात्री विंडोज अपडेट झालं आणि ड्रायव्हर बदलला, एवढंच. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबलं की बहुतेक वेळा काम निघतं. माझ्याकडे ते बटणच फिकट, दाबता येईना. जुना ड्रायव्हर उतरवून घ्यावा तर त्या शेडमध्ये नेटवर्कचा एक दांडा. शेवटी हेल्परला घेऊन पहाटेपर्यंत हीटर हाताने चालू-बंद करत बसलो. पॅकहाऊसचे भाऊ दर तासाला चहा घेऊन यायचे आणि केबलकडे बघून म्हणायचे, “साहेब, एवढुशा वायरीपायी?”

सकाळी थेट दुकानात. काकांना म्हटलं, महाग चालेल, पण खात्रीची द्या. त्यांनी एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल काढली, 1,650 रुपये. मी म्हटलं, याही चिपच्या नकला असतातच की. 2014 मध्ये याच कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला होता आणि लोकांच्या केबली एका रात्रीत मुक्या झाल्या होत्या. काका हसले. “म्हणून तर पाकीट फोडूनच देतो.”

त्यांनी केबल दुकानातल्या लॅपटॉपला जोडली. ड्रॉवरमधून दोन्ही टोकांना भोकं असलेली छोटी जम्पर वायर काढली आणि नऊ पिनांच्या तोंडात दोन आणि तीन नंबरच्या पिनांवर बसवली. म्हणजे जे पाठवाल तेच परत येणार. पुट्टी हा टर्मिनल प्रोग्राम उघडून ‘नाशिक’ टाइप केलं, रोमन अक्षरांत. अक्षरं पडद्यावर उमटली. वायर काढली, पुन्हा टाइप केलं, पडदा कोरा. “आता तिथं बोलणं झालं नाही तर केबलला बोल लावायचा नाही,” म्हणाले.

दुपारी पुन्हा दिंडोरी. केबल लावली आणि बोलणं झालं नाही.

काकांची जम्पर वायर मागून आणली होती, म्हणून डोकं शांत राहिलं. परत दोन-तीन जोडून पाहिलं, अक्षरं येत होती. म्हणजे लॅपटॉप, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही निर्दोष. भांडण पुढे होतं. पहिली भानगड माझीच: आधीच्या साइटवर चालू केलेला कॉमजीआर, डेल्टाचाच जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, खाली घड्याळाशेजारी पोर्ट धरून बसला होता. एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट उघडू शकतो, त्यामुळे पीएलसीचा प्रोग्राम वाचणाऱ्या डब्ल्यूपीएलसॉफ्टला प्रवेशच मिळेना. तो बंद केला. तरी गप्प. मग सेटिंग, म्हणजे वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट; दोन्ही बाजूंना सारखं लागतं. डीव्हीपीची कारखान्यातली ठेवण 9600, 7, इव्हन, 1. मी त्यावरच अडून बसलो होतो. शेवटी 8, नन, 1 करून पाहिलं आणि पीएलसीने झटकन ओळख दिली. प्रोग्राम वाचल्यावर कळलं, आधी कोणीतरी स्क्रीन जोडताना डी1036 मध्ये, म्हणजे हे सेटिंग ठरवणाऱ्या कप्प्यात, एच81 (9600, 8, नन, 1) भरून ठेवलं होतं. पॅनलच्या दाराला एक चिकटपट्टी लावून त्यावर हे सेटिंग लिहिलं असतं तर माझी दुपार वाचली असती. मी तेवढी लावून आलो.

आता केबलबद्दल. सगळ्यात आवडलं ते हे: चिपला स्वतःचा सीरियल नंबर आहे, त्यामुळे लॅपटॉपच्या कुठल्याही यूएसबीत लावा, विंडोजने पोर्टला दिलेला कॉम नंबर तोच राहतो. स्वस्त सीएच340 चिपवाल्यांना असा नंबर बहुधा नसतो, भोक बदललं की कॉम4 चा कॉम7 होतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. दुसरं, ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा चिप किती वेळ रोखते ते, 16 मिलिसेकंदांवर येतो, तो 1 केला. प्रोग्राम वाचताना लाल पट्टी सरकायची वाट बघणं कमी झालं.

खटकलं तेही सांगतो. वायर जेमतेम एक मीटर. पॅनल गुडघ्याइतक्या उंचीवर असेल तर लॅपटॉप क्रेटवर ठेवून उकिडवं बसावं लागतं. नऊ पिनांच्या तोंडाला षटकोनी नट आहेत आणि डेल्टाच्या गोल आठ पिनी केबललाही तसेच, त्यामुळे दोघं एकमेकांत पुरते बसत नाहीत. पक्कड लावून एका बाजूचे काढले. सोळाशे घेतल्यावर हे काम गिऱ्हाइकाने का करावं? आणि केबलला आयसोलेशन, म्हणजे पॅनल आणि लॅपटॉप विजेने वेगळे ठेवायची सोय, नाही. शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असलेल्या पॅनलवर लॅपटॉप चार्जरला लावून काम केलं तेव्हा दोनदा लिंक तुटली. चार्जर काढून बॅटरीवर आणला तर एकदाही नाही. आयसोलेशनवाली केबल काकांकडे आहे, पण तिची किंमत ऐकून मी विषय बदलला.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक नटांचा.

दुकान दुपारी दोन ते चार बंद. जुनी केबल बरोबर न्या, जम्पर वायर लावून तपासायचे काका पैसे घेत नाहीत. माझी निळी त्यांनी तपासली, जुन्या ड्रायव्हरवर ठणठणीत चालली, आणि मला न विचारता ड्रॉवरमध्ये टाकली.