शुभेच्छा पाठवायचं ॲप, तीन स्टार

वर्षअखेरच्या सुट्ट्यांआधी जुने क्लायंट, आधीचे बॉस अशा सगळ्यांना मेसेज जावा म्हणून हे घेतलं. एक्सेलमधून कॉन्टॅक्ट लगेच येतात आणि प्रत्येकाला वेगळा मेल जातो, त्यामुळे बीसीसीची (बाकीच्यांचे पत्ते लपवून सगळ्यांना एकच मेल) भानगड नाही. पण रेडिमेड मजकूर इतका गुळगुळीत की ढिगाने पाठवलाय हे लगेच कळतं, त्यात एकाच्या नावाचा कॉलम रिकामा राहिला तर चक्क नुसतं 'प्रिय' एवढंच गेलं, लाजच वाटली राव! शेवटी पंधरा जणांना स्वतः दोन ओळी लिहिल्या, अमुक प्रोजेक्टला सांभाळून घेतलंत वगैरे, काम न मागता, तर नऊ जणांनी उलट लिहिलं. ॲपमधून ज्यांना पाठवलं त्यांचे बहुतेक ऑटो रिप्लायच आले (सुट्टी लागल्यावर पाठवले, चूक माझीच). जानेवारीत कोणाला फोन करायचा त्याचं रिमाइंडर मात्र झकास.