७९९ रुपये, सात महिने आणि एक ‘क्लार्क’

इंग्रजी यमकं शोधून देणाऱ्या ॲपबद्दल लिहितोय. नाव देत नाही, कारण अशी ढिगाने ॲपं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची चूल एकच आहे, ते पुढे येईलच. शब्द टाकायचा, जुळणारे शब्द येतात, त्यांचे लांबीप्रमाणे गट पडतात. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

मार्चमध्ये घेतलं. सात दिवस फुकट, मग वर्षाला ७९९. आठव्या दिवशी ऑटोपेने पैसे गेले. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला हवा असा नियम आहे, आणि तो आलाही होता. पण घोडबंदर रोडच्या बिल्डरांच्या मेसेजांत तो मला दिसलाच नाही. परत मागितले तर तीन मेलांना एकच उत्तर, स्वल्पविरामासकट तेच. म्हटलं, गेलेच आहेत तर वसूल तरी करू.

गरज अशी होती: रबाळ्याला आमच्या कंपनीतले हेडक्लार्क मेअखेर रिटायर होणार होते. सगळे त्यांना भाऊच म्हणतात. निरोप समारंभाला चार कडवी म्हणायची, आणि वरचे दोन साहेब मराठी न कळणारे, म्हणून ती इंग्रजीत. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण एका दसऱ्याला मशीनपूजेच्या वेळी मी चारोळी म्हटली होती. तेव्हापासून कंपनीचा कवी मीच.

पहिले दोन आठवडे मी या ॲपला ठाणे ते रबाळे रोज शिव्या घातल्या. माझी पहिलीच जोडी होती ‘रिटायरमेंट’ आणि ‘डिपार्टमेंट’. कानाला काय खणखणीत वाटते! ॲप मात्र डिपार्टमेंट दाखवायलाच तयार नाही. ‘सिंगिंग’ला ‘रनिंग’ही देत नाही. मी एक स्टार देऊन मोकळा झालो.

तो स्टार नंतर बदलला, कारण चूक माझी होती. आपल्याला सवय शेवटची अक्षरं जुळवायची. इंग्रजीत मात्र ज्या स्वरावर जोर पडतो तिथपासून शेवटपर्यंत सगळं जुळावं लागतं, आणि त्या स्वराआधीचं व्यंजन तेवढं वेगळं हवं. रिटायरमेंटमध्ये जोर ‘टाय’वर, डिपार्टमेंटमध्ये ‘पार्ट’वर. मग कसलं यमक? ॲपने दिलेला सरळ वापरता येईल असा शब्द एकच: ‘रिक्वायरमेंट’. तो बघून दिघ्याच्या आसपास मला एकट्यालाच हसू फुटलं. निरोपाच्या कवितेत ‘आफ्टर रिटायरमेंट, व्हॉट इज युवर रिक्वायरमेंट’! पीएफच्या फॉर्मसारखं वाटतं, पण टाळ्या त्यालाच पडल्या. ‘मंथ’ला यमकच नाही हेही तेव्हाच कळलं. पगाराचं कडवं त्यामुळे गेलं.

आता खरी तक्रार. क्लार्क.

भाऊ १९९१ला ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले, तेव्हा कविता त्या शब्दाशिवाय होणार कशी? मी ‘क्लार्क’ टाकला. ॲप म्हणालं: वर्क, जर्क, शर्क. डार्क नाही, पार्क नाही. रिटायरमेंटच्या वेळी तोंडघशी पडलो होतो, म्हणून म्हटलं, याला जास्त कळतं. लिहिलं ‘वर्क’. कँटीनमध्ये, केक समोर ठेवलेला, मी वाचतोय. वरच्या ओळीत क्लार्क, खालच्या ओळीत वर्क. ओळ लंगडली. सावरायला मी दुसऱ्यांदा ‘क्लर्क’ म्हटलं, तर मागच्या रांगेत खसखस पिकली. आणि भाऊ म्हणाले, “अरे, चौतीस वर्षं मी क्लार्क होतो. शेवटच्या दिवशी क्लर्क कशाला करतोस?”

घरी आल्यावर भाच्याला बसवलं. तो कोपरखैरण्यात इंजिनिअरिंग करतो. त्याने कार्नेगी मेलन विद्यापीठाची उच्चारांची फाइल उतरवून दाखवली. फुकट मिळते, १ लाख ३४ हजारांहून जास्त शब्द आहेत, आणि बऱ्याच यमकवाल्यांचं पीठ याच गिरणीतून येतं. प्रत्येक शब्दापुढे ध्वनी लिहिलेले, एकूण ३९. स्वरापुढे आकडा: १ म्हणजे मुख्य जोर, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे जोर नाही. संगणक तो १ शोधतो आणि तिथून पुढचं शेपूट जुळवतो. सुरेख काम आहे. फक्त सगळे उच्चार उत्तर अमेरिकेचे. तिकडे क्लर्कच म्हणतात. आपला क्लार्क ब्रिटिशांकडून आलेला. मध्ययुगीन इंग्रजीत ‘डार्क’चंही स्पेलिंग ‘इ-आर’चंच होतं. डार्क कागदावरही बदलला, क्लार्क उच्चाराने बदलला आणि कागदावर तसाच राहिला. म्हणजे डार्क-क्लार्क ही जोडी मुळातली, आणि मी ती ॲपचं ऐकून फेकून दिली!

मग मी हट्टालाच पेटलो. ‘आय हॅव बीन’मधल्या ‘बीन’ला ॲप विन आणि पिन देतं, क्वीन-ग्रीन नाही. ‘फादर’ला ‘बॉदर’ जुळवतं. ‘झेड’ तिकडे ‘झी’ म्हणून ‘मी’शी जुळतं. आपल्या पोरांची एबीसीडी झेडवर येऊन आपटते ती यामुळेच. ब्रिटिश उच्चारांची सोय मागणार होतो, पण भाचा म्हणाला, मामा, मग ‘सॉस’ला ‘हॉर्स’ जुळेल, कारण ते ‘र’ गिळतात. आपण ‘र’ अमेरिकनांसारखा ठणकावून म्हणतो आणि बाकी बरंचसं इंग्लंडचं. आपल्या इंग्रजीची सेटिंग कुठेच नाही. आपल्या लिपीचाही फार टेंभा नको म्हणा. ‘हे जग’ आणि ‘तू जग’ लिहायला सारखं, म्हणायला वेगळं.

हे सगळं मी ॲपवाल्यांना सविस्तर कळवलं. उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, आणि वर्षभराचं पॅकेज घेतल्यास सवलत. घेतलंय की!

फुकटात भागत असेल तर ऱ्हाइमझोनची साइट १९९६पासून चालू आहे, माझ्या निम्म्या कामाला ती पुरली असती. या ॲपमध्ये जास्तीचं म्हणजे जोर कुठे ते रंगाने दिसतं. मला खरंच काही शिकवलं असेल तर त्या रंगाने. तेवढ्यासाठी तीन स्टार. ऑफलाइनवर बोलतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं.

ऑटोपे बंद केलंय. मार्चपर्यंतचे पैसे भरलेत, तोवर वापरणार. कुणी लॉगिन मागू नये. दोनच फोनवर चालतं आणि दुसरा बायकोचा आहे.