बेलापूरच्या उन्हाळ्यात घरामागचा पूल गार ठेवला: शेडनेट आणि रात्रीचा फवारा, नऊ महिने वापरून

आधी काय वापरतोय ते सांगतो. सीबीडी बेलापूरला पारसिक हिलच्या पायथ्याशी आमचं घर आहे, मागच्या अंगणात ५ मीटर बाय ३ मीटरचा छोटा पूल, खोली सरासरी चार फूट, म्हणजे साधारण १८ हजार लिटर पाणी. त्यावर फेब्रुवारी २०२५ पासून ७५ टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट आणि पंपाच्या रिटर्नला, म्हणजे फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं तिथे, जोडलेला एक साधा पीव्हीसीचा फवारा, एवढंच. चिलर नाही, बर्फ नाही. आता नोव्हेंबर चालू आहे, म्हणजे एक अख्खा उन्हाळा आणि एक ऑक्टोबर हीट यात गेली, म्हणून आता लिहितोय.

पूल बांधला तेव्हा वाटलं होतं उन्हाळ्यात घरी मज्जा. प्रत्यक्षात २०२४ च्या एप्रिलच्या मध्यावर जी उष्णतेची लाट आली त्यात दुपारी चार वाजता पाण्याचं तापमान ३४ डिग्री, मुलं दहा मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर, आणि आमचे अण्णा, वय ७१, ज्यांनी अख्खं लहानपण अकोल्याजवळच्या गावात विहिरीत उड्या मारत काढलं, ते पायरीवर बसून पाय बुडवून म्हणाले, हे आंघोळीचं पाणी झालं रे, पोहायचं नाही. मला ते फार लागलं, कारण पूल करायचं मुख्य कारण अण्णाच होते. स्पर्धेच्या पूलचं पाणी २५ ते २८ डिग्रीत ठेवतात आणि आमचं ३४, म्हणजे त्यात जोरात दोन लांब्या मारल्या की अंगातली गरमी बाहेर जायला जागाच नाही, बायकोला एकदा चक्कर आल्यासारखं झालं होतं.

त्या वर्षी मी जे जे केलं ते सगळं चुकलं, ते पण सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली चूक, निळं बबलवालं कव्हर. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं की ऊन लागत नाही, पाणी थंड राहतं. मी दिवसभर घालून ठेवायचो आणि चार दिवसांत पाणी अजून एक-दीड डिग्री वर. नंतर कळलं की ते कव्हर थंड देशांत पाणी कोमट ठेवायला वापरतात, त्यातून ऊन आत शिरतं आणि वर पाण्याची वाफ होणं बंद होतं, म्हणजे गार व्हायचा जो एकमेव फुकटचा रस्ता तोच आपण बुच लावून बंद करतो. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावल्यासारखं आहे हे. ते कव्हर आता माळ्यावर आहे.

दुसरी, बर्फ. मुलाच्या वाढदिवसाला १०० किलो बर्फ आणून टाकला, पोरं खूष, पण वीस मिनिटांत सगळा विरघळला आणि थर्मामीटर जेमतेम अर्धा डिग्री खाली. हिशोब केला तर १८ हजार लिटर पाणी १ डिग्री उतरवायला साधारण १६० किलो बर्फ लागतो, म्हणजे ५ डिग्रीला ८०० किलो, आणि ते पण एका दिवसापुरतं. वर त्या बर्फाबरोबर आलेल्या गोणपाटाच्या धाग्यांनी आणि भुशाने फिल्टर दोनदा धुवावा लागला.

चिलरचं कोटेशन पण घेतलं, दोन लाखांच्या वर आणि विजेचं बिल वेगळं, तो विषय तिथेच सोडला.

मग अण्णाच एक दिवस म्हणाले, विहिरीचं पाणी गार का असतं, तिला ऊन कुठे लागतं? तेवढ्यावरून सुरुवात झाली. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एका चौरस मीटरवर दिवसाला विजेच्या ६ युनिटच्या आसपास उष्णता देणारं ऊन पडतं, आमच्या १५ चौरस मीटरवर ९० युनिट, म्हणजे १५ गिझर तासाला एक युनिटने सहा तास चालू ठेवल्यासारखं. त्यातलं बरंचसं ऊन पाणी पिऊन टाकतं. एवढी उष्णता आत घेऊन मग ती काढत बसण्यापेक्षा आत येऊच न देणं सोपं.

नेट बसवताना पण एकदा चुकलो. पहिल्यांदा खर्च वाचवायला पाण्यावर दोन-अडीच फुटांवर दोऱ्यांनी ताणून बांधलं, त्याच्याखाली दमट हवा कोंडून राहायची आणि वारा लागतच नव्हता, सावली होती पण पाणी घुसमटलेलं. आता जीआय पाइपच्या फ्रेमवर साडेआठ फुटांवर आहे, चारही बाजू मोकळ्या, फक्त पश्चिमेला एक पडदा सोडलाय कारण तीन ते पाच मधलं तिरकं ऊन तिथून मारतं. अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, तेव्हा पूलएवढं नेट पुरतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा नेटची सावली उत्तरेला सरकते आणि पूलचा दक्षिणेकडचा दोन-तीन फुटांचा पट्टा उघडा पडतो. म्हणून नेट दक्षिण बाजूला जास्त काढायला पाहिजे. मी काढलं नाही आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा फटका बसला, त्याबद्दल पुढे.

फ्रेम, नेट, मजुरी सगळं मिळून २४ हजार गेले. नुसत्या नेटने फरक किती? मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम फवारा बंद ठेवून बघितलं, आधी दिवसाला साडेतीन डिग्रीने चढायचं ते एक-सव्वा डिग्रीने चढायला लागलं.

आता फवारा, कारण माझ्या मते खरी जान त्यात आहे.

पंपाचं पाणी जिथून परत पूलमध्ये येतं तिथला गोल नोझल फिरवून काढला, प्लंबरने दीड इंची आटे असलेला पाइप बसवला, तो एल्बो लावून पाण्याच्या वर अडीच फूट उचलला आणि आडव्या पाइपला ३ मिलिमीटरची भोकं पाडली, टोकाला एंड कॅप. ११०० रुपये, मजुरी धरून. पंप पाऊण एचपीचा, तोच जुना. आधी तो सकाळी दहा ते चार चालायचा, आता रात्री अकरा ते सहा चालतो. म्हणजे फिल्टर पण होतंय आणि गार पण होतंय, वीज रोजची पाऊण युनिट जास्त.

हे चालतं कसं ते मला २५ फेब्रुवारीला दिसलं. त्या दोन दिवसांत मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, सांताक्रूझला ३८ च्या वर गेलं होतं, पूर्वेकडून कोरडं वारं सुटलेलं, मी घरून काम करत होतो. उत्सुकता म्हणून भर दुपारी दोन वाजता फवारा लावला. स्टीलचा पेला घेऊन पडणाऱ्या थेंबांखाली धरला, भरायला मिनिटभर लागलं, त्यात थर्मामीटर टाकला. पूलचं पाणी २६.५ आणि पेल्यातलं २३.५! बाहेर हवा ३८ ची, आणि त्या हवेतून अडीच फूट खाली पडता पडता पाणी ३ डिग्री गार झालं. माझा विश्वास बसेना, परत धरला, परत तेच. पेल्याच्या बाहेरचा भाग ओला होता आणि त्याला वारा लागून बोटं चक्क गार पडत होती.

कारण माठाचंच आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. आमच्या पूलची पातळी १ मिलिमीटर उतरली म्हणजे १५ लिटर उडालं, आणि तेवढ्याने उरलेलं सगळं पाणी जवळजवळ अर्धा डिग्री गार होतं. अकोल्यात आमच्या घरी खसची ताटी लावलेला कूलर मे महिन्यात पांघरूण घ्यायला लावायचा, तोच कूलर बेलापूरला आणून लावला तर नुसतं चिकचिक. माठाचं पण तसंच, विदर्भातला माठ आणि मुंबईतला माठ यात जमीन-अस्मानाचा फरक. पूल म्हणजे एक मोठा माठ समजा, सगळं दमटपणावर आहे. म्हणूनच आमच्याकडे उलटं चित्र दिसतं: पूर्वेचं वारं असलेल्या ३८ डिग्रीच्या दिवशी पूल मस्त, आणि खाडीकडून दमट हवा येणाऱ्या ३४ डिग्रीच्या दिवशी पूल गरम. हे समजलं की पेपरमधला पारा बघणं सोडून देता, हवेतला दमटपणा बघता.

माझे आकडे असे, सगळे दोन फूट खोलीवरचे, कारण वरचं पाणी नेहमी जास्त दाखवतं. मार्चमध्ये सकाळी सहाला २४, संध्याकाळी २५.५. एप्रिलमध्ये सकाळी २६.५ ते २७, संध्याकाळी २८ च्या थोडं वर. मे मध्ये सकाळी २९, संध्याकाळी ३० पर्यंत. मे मध्ये फवाऱ्याचा जोर कमी पडतो हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, हवाच पाण्याने भरलेली असते, वाफ होणार कुठे? तेव्हा रात्रभर न चालवता पहाटे तीन ते साडेसहा चालवला, रिझल्ट जवळपास तेवढाच. आणि मे मध्ये दुपारी चालवू नका, काही मिळत नाही. तरी ३४ चे ३० झाले, आणि चार डिग्रीचा फरक अंगाला किती कळतो ते पाण्यात उतरल्यावरच समजतं.

तोटे. पाणी रोज १०० ते १२० लिटर भरावं लागतं, आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं आणि टंचाई नसली तरी मला ते खटकतं, म्हणून फिल्टर धुतलेलं पाणी दोन दिवस पिंपात उघडं ठेवून झाडांना घालतो. जोराचा वारा असेल तर फवारा बंद ठेवा, अर्धं पाणी शेजारच्या भिंतीवर जातं.

आवाज. पहिल्याच रात्री शेजारच्या काकू दीड वाजता पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला उठल्या. सकाळी त्यांनी सांगितलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, त्यांना झोपेचा आधीच त्रास आहे. मग पाइप फिरवून धार आमच्या भिंतीकडे तिरकी घेतली आणि उंची अर्धा फूट कमी केली, आता त्यांना ऐकू येत नाही, मी दर आठवड्याला विचारतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीएच, पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा. फवाऱ्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो, माझा ७.४ वरून तीन दिवसांत ८ व्हायचा. ८ ला क्लोरीन फारसं काम करत नाही, त्याचा जंतू मारणारा भाग पाव हिश्श्यावर येतो. लाल-पिवळ्या थेंबांची किट घ्या आणि एक दिवसाआड बघा, मी ड्राय ॲसिड (पीएच उतरवायची पावडर) टाकून ७.२ ते ७.६ मध्ये ठेवतो. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र नाही, एका बादलीत तर अजिबात नाही. उलट फायदा असा की नेटमुळे ऊन कमी लागतं, क्लोरीन उडून जाणं कमी झालं, महिन्याला जवळपास निम्मं लागतंय. केरळमध्ये २०२४ ला मेंदूत जाणाऱ्या अमिबाच्या केसेस झाल्या त्यानंतर बायको मुलांना पूलमध्ये सोडायला घाबरत होती, तो अमिबा कोमट, नीट क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून शिरतो. त्यामुळे पाणी गार असलं तरी क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम) ठेवणं यात आमच्या घरी सूट नाही.

नेटची एकच तक्रार. मेच्या सुरुवातीला वळवाच्या पावसात वारा आला त्यात दोन कोपऱ्यांच्या रिंगा उपटून आल्या, कारण मी नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधलं होतं. आता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्यात, त्या ताणतात आणि सोडतात. यंदा मान्सून मुंबईत २६ मे ला आला, इतक्या लवकर येईल असं वाटलंच नव्हतं, भर पावसात शिडी लावून नेट उतरवलं. पुढच्या वर्षी २० मे च्या आतच काढणार.

ऑक्टोबरमध्ये पाणी २९ च्या खाली येईना, दोन दिवस डोकं खाजवलं, मग दुपारी तिथे उभा राहून बघितलं तर दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर सरळ ऊन. जुनी चादर टांगली, तिसऱ्या दिवशी २७.५.

अण्णा आता रोज सकाळी साडेसहाला उतरतात. एप्रिलमध्ये पहिल्यांदा खांद्यापर्यंत आत गेले तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला, जसा विहिरीत उतरताना आपोआप ओढला जातो तसा, आणि मग काही न बोलता पलीकडच्या कडेपर्यंत पोहत गेले. मी काठावर थर्मामीटर हातात घेऊन उभा होतो, २६.५ होतं.

फेब्रुवारीच्या आधी दक्षिणेला तीन फूट नेट वाढवायचंय, पाइप आणून ठेवलाय, वेल्डिंगवाला रविवारी येतो म्हणालाय.