१५३६ केबीपीएसचा पंचनामा: स्वस्त रेकॉर्डर घेताना झालेली फसवणूक

लाइव्ह संगीतासाठी ऑनलाइन घेतलेल्या एका खिशातल्या रेकॉर्डरचा हा पंचनामा. जाहिरातीत दावे चार: स्टिरिओ, १५३६ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) ‘स्टुडिओ क्वालिटी’, १२८ जीबी मेमरी आणि नॉइज रिडक्शन. नाव देऊन उपयोग नाही, असली यंत्रं नावं बदलून विकली जातात.

१५३६ हा आकडा खोटा नव्हता, मेख तिथेच आहे. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं म्हणजे नमुने, प्रत्येक १६ बिटचा, चॅनेल दोन. गुणाकार केला की १५,३६,००० बिट. त्या मापाची कुठलीही साधी डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या आवाजाची फाइल एवढीच भरते. आकडा भांड्याचं माप सांगतो. आत दूध आहे की पाणी, ते सांगत नाही.

आत पाणीच निघालं. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक केले, एकाला ‘इन्व्हर्ट’ लावून त्याची लहर उलटी केली आणि दोन्ही एकत्र वाजवले. सारख्या लहरी एकमेकींना खोडतात; इथे पूर्ण शांतता. म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच माइकची नक्कल. वरच्या दोन जाळ्या शोभेच्या. मग यंत्रासमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचं चित्र पाहिलं. किल्ल्यांच्या आवाजात १० किलोहर्ट्झच्या वरही भरपूर काही असतं, इथे ८ किलोहर्ट्झवर सुरीनं कापल्यासारखी रेघ. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे आतलं मूळ ध्वनिमुद्रण सेकंदाला १६,००० नमुन्यांचं, ते फुगवून ४८,००० च्या फाइलमध्ये भरलेलं. झांजेची झळाळी त्यात येणारच नाही.

सगळ्यात मोठा घात मात्र आपोआप लेव्हल बदलण्याचा, म्हणजे एजीसीचा. ढोलाचा ठोका पडला की यंत्र लेव्हल खाली ओढतं, मागची बासरी बुडते, मग हळूहळू सगळं वर येतं आणि सोबत प्रेक्षकांची कुजबुजही. भाषणाला हे चालतं, संगीताला नाही, आणि नंतर एडिटिंगमध्येही ते नीट सरळ होत नाही. तपासायचं असेल तर दहा सेकंद हळू बोला, जोरात टाळी वाजवा, पुन्हा तसंच बोला. टाळीनंतरचं बोलणं आधी दबून मग फुगलं, तर एजीसी चालू आहे. या यंत्रात तो बंद करायची सोयच नव्हती.

मीटरवरही विसंबू नका. लेव्हल उणे १० डेसिबल दिसत होती, तरी लहरींची टोकं सपाट. मीटरच्या आधीच, माइकच्या पायरीवर आवाज फाटला होता. पुढे गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) कितीही कमी करा, फाटलेलं शिवता येत नाही. म्हणून माहितीपत्रकात माइक किती डेसिबलपर्यंत सोसतो ते शोधा. झूम एच१एनला १२० आणि टॅस्कॅम डीआर-०५एक्सला १२५ असा आकडा छापलेला असतो. या जाहिरातीत तो कुठेच नव्हता. ‘लाइन इन’ (मिक्सरची तार थेट जोडायची जागा) म्हणून दाखवलेलं भोकही माइकचंच निघालं: तिथे काही मिलिव्होल्ट अपेक्षित आणि मिक्सरकडून येतो साधारण १.२३ व्होल्ट.

मेमरी खरी नसल्याचं सगळ्यात उशिरा कळतं, कारण सुरुवातीच्या फाइली ठीक वाजतात. खरी जागा संपली की पुढच्या फाइली रिकाम्या किंवा तुटक्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे मेमरी तपासणारे प्रोग्राम चालवून मेमरी पूर्ण भरा आणि परत वाचून पाहा; अर्धवट भरून कळत नाही. अंदाजाला एवढं लक्षात ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतात.

हे सगळं परतीची मुदत संपण्याआधी करा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण मजकूर नंतर बदलतो. ‘हा तर व्हॉइस रेकॉर्डर आहे’ हे विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर. त्यापाठोपाठ थोडे पैसे परत घेऊन तक्रार मागे घ्यायची गळ. ते पैसे घेतले की पूर्ण परतीचा दावा लंगडा पडतो.

त्याच पैशात नामांकित कंपनीचं जुनं मॉडेल, वापरलेलं, परवडतं. मात्र घेताना दोन्ही माइक वेगवेगळे ऐका: एक मिनिट मुद्रण, मग रेकॉर्डर उलटा फिरवून तोच आवाज पुन्हा. फिरवल्यावरही कमजोर बाजू तीच राहिली, तर माइक गेलेला. कार्डाची खाच, यूएसबीचं तोंड आणि बॅटरीच्या पत्र्यांवरचा गंजही तिथेच बघून घ्या.