शंभर टक्के नॉइज काढून देणारा

घरी केलेल्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा, फ्रिजचा, रस्त्याचा आवाज "शंभर टक्के काढून देतो" अशा जाहिराती हल्ली खूप दिसतात. त्यातल्या एकाला मी पैसे दिले. पैसे गेले आणि गाणी बिघडून परत आली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो सतत नावं बदलतो आणि आज वाचलेलं नाव उद्या कुणाच्या उपयोगी पडणार नाही. त्याची पद्धत मात्र तीच असते, म्हणून ती सविस्तर लिहिते.

आमचं रेकॉर्डिंग साधं आहे. माझं गाणं, मागे तानपुरा, हार्मोनियमवर काका. एक कंडेन्सर माइक, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा एक ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप. बंदिशी चांगल्या झाल्या होत्या, पण सगळ्यांच्या मागे एक सलग घरघर होती आणि तिच्या खाली विजेची गुणगुण. काकांची बोटं आता दुखतात, त्यामुळे सगळं पुन्हा वाजवा असं त्यांना सांगणं जिवावर येत होतं. म्हणून मी साफ करून देणारा कुणी मिळतो का ते शोधत होते.

त्याच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन क्लिप होत्या. 'आधी'मध्ये धो धो पाऊस, मध्येच कुत्रा भुंकतो, त्यातून कसंबसं ऐकू येणारं गाणं. 'नंतर'मध्ये एकदम स्टुडिओ. पुढे एका मित्राने हेडफोन लावून ती क्लिप ऐकली आणि तो हसायलाच लागला. पावसाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता आणि कुत्रा दर वेळी त्याच अंतराने, त्याच सुरात भुंकत होता. शिवाय गाण्याला खोलीचा घुमारा होता, कुत्र्याला अजिबात नव्हता. म्हणजे स्टुडिओतलं स्वच्छ गाणं घ्यायचं, त्यावर पाऊस ओतायचा, त्याला 'आधी' म्हणायचं आणि मूळ गाणं 'नंतर' म्हणून ऐकवायचं. काढायला काही लागतच नाही.

जाहिरातीवर विसंबायचं नाही एवढं भान सगळ्यांनाच असतं, म्हणून तो फुकट नमुना देतो. खरी मेख इथे आहे. तो म्हणाला, "ताई, अख्खं रेकॉर्डिंग पाठवा, कुठे जास्त त्रास आहे ते मी बघतो." मग त्यातले वीस सेकंद साफ करून पाठवले. ते वीस सेकंद त्याने निवडले होते. द्रुत लयीतल्या ताना, आवाज मोठा, मध्ये श्वासापुरत्या जागा. त्या जागांमध्ये घरघर पूर्ण गायब! कुणालाही पटावं असं.

त्याने केलं होतं एवढंच की गेट लावला होता. नॉइज गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की दार बंद, वर आला की उघडं. तान चालू असताना दार उघडंच असतं आणि घरघर जशीच्या तशी आत येते. पण मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज कानाला जाणवत नाही, आणि आपण नॉइज शोधतो तो नेमका गाणं थांबतं तिथे. तिथे शांतता मिळाली की काम झालं असं वाटतं. विलंबित आलापाचा तुकडा घेतला असता तर दार उघडताना-मिटताना घरघर आत-बाहेर होताना ऐकू आली असती. वर नमुन्याची पातळीही त्याने थोडी चढवली होती. दोन क्लिपमधली जरा मोठी असलेली क्लिप कानाला जास्त 'क्लिअर' वाटते, ही या धंद्यातली फार जुनी युक्ती आहे.

पैसे सगळे आधी, आणि त्याची जाहिरात होती त्या वेबसाइटच्या बाहेरून थेट खात्यात, कारण "कमिशन वाचेल तेवढं तुम्हाला कमी लावतो". सवलत अर्थातच त्याच रात्रीपर्यंत.

गाणी आली. पहिल्याच बंदिशीत तानपुरा पाण्याखालून वाजत होता. जवारी, म्हणजे तारांची ती भरीव झणझण, गेलेली, खर्जाची तार कधी आहे तर कधी नाही, आणि मागे चिवचिव केल्यासारखे बारीक धातूचे आवाज. 'स' आणि 'श' बोबडे झालेले. काकांच्या भात्याचा श्वास, जो मला तरी पेटीचाच भाग वाटतो, साफ पुसलेला.

हे का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. या प्रकारच्या नॉइज रिडक्शनला, म्हणजे नॉइज कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरला, आधी एक नमुना दाखवावा लागतो, की हा बघ नुसता नॉइज. सॉफ्टवेअर त्याचं वेगवेगळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांमध्ये मोजमाप घेतं आणि मग अख्ख्या गाण्यात ज्या पट्टीतला आवाज त्या पातळीच्या आसपास असेल तिथे तो खाली दाबतं. आमच्या फाइलींमध्ये गाण्याआधीचे काही सेकंद नुसता तानपुरा होता. याने तोच भाग नॉइजचा नमुना म्हणून दिला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सलग, न बदलणारा आवाज म्हणजे नॉइज, आणि तानपुऱ्याइतकं सलग दुसरं काय असतं? या माणसाने सांगितलं तसं सॉफ्टवेअरने केलं. ज्याने एकदा तरी लक्ष देऊन फाइल ऐकली असती त्याच्या हातून हे झालं नसतं. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तोच नमुना देऊन मी स्वतः करून पाहिलं, तर चिवचिवीसकट जवळपास तेच हाती आलं.

दुसरी तपासणी मित्राने शिकवली, ती प्रत्येकाला करता येईल. मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल दोन ट्रॅकवर ठेवा, सुरुवात आणि पातळी अगदी जुळवा, एकीची लहर उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्हींत सारखं असलेलं एकमेकांना मारतं आणि त्याने जे काढलं तेवढंच ऐकू येतं. चांगल्या कामात तिथे घरघर ऐकू यायला हवी. आमच्या बाबतीत तिथे तानपुरा होता, माझे 'स' होते, भाता होता.

फाइली "२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ", म्हणजे उच्च दर्जाच्या, म्हणून दिल्या होत्या. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडला तर १६ किलोहर्ट्झच्या वर कात्रीने कापल्यासारखं कोरं. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बरीच दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीत साधारण तिथेच वरचा भाग छाटला जातो. म्हणजे मध्ये कुठेतरी एमपीथ्री करून ती पुन्हा मोठ्या डब्ल्यूएव्हीत भरली होती. फाइलचा आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही. (अशा फाइलीच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागाही वाढलेली असते. वरची तपासणी करताना ती सरकवून घ्यावी लागते, नाहीतर काहीच जुळत नाही.)

तक्रार केल्यावर उत्तर आलं की तुमची खोलीच वाईट आहे, आणि त्याच्या ओळखीच्या माणसाकडचे 'साउंडप्रूफ' फोमचे पॅनल घ्या म्हणजे पुढचं काम नीट होईल. फसवणुकीचा हा दुसरा हप्ता, आणि यात लोक जास्त पैसे घालवतात. इंचभर जाडीचा फोम खोलीतला वरच्या पट्टीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या, आवाजाच्या एका लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते, त्याला इंचभर फोम जाणवतही नाही. शिवाय आगीला दाद न देणारा म्हणून प्रमाणित नसलेला फोम भिंतीवर लावणं धोक्याचं आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबमध्ये आतषबाजीने आवाजासाठी लावलेला असाच फोम पेटला आणि १०० माणसं गेली. पॅनल घेतले नाहीत. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं, आणि व्यवहार वेबसाइटच्या बाहेर झाल्यामुळे वेबसाइटनेही हात वर केले.

जे खरोखर कमी होतं ते रेकॉर्डिंगच्या वेळीच. माइक निम्म्या अंतरावर आणला की गळा सुमारे ६ डेसिबलने मोठा येतो आणि पंखा होता तेवढाच राहतो. फार जवळ आणला तर खालचे सूर फुगतात, तेवढं सांभाळायचं. समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकची पाठ लॅपटॉपकडे ठेवायची. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर दोष बहुधा चार्जरमध्ये किंवा तिथल्या अर्थिंगच्या जोडणीत आहे हे कळतं. आणि तानपुरा सुरू करण्याआधी दहा सेकंद कुणीही हलायचं नाही, नुसती खोली नोंदवायची. पुढे नॉइज काढायचाच झाला तर नमुना तिथून घेता येतो.

त्यानंतर दुसऱ्या कुणाकडे जाताना मी एकच विनंती करते. मी निवडलेला, विलंबितातला, तानपुरा आणि आवाज दोन्ही असलेला तुकडा करून दाखवा, आणि जे काढलं तेही वेगळं ऐकवा. बरेच जण इथेच गप्प होतात. एकाने मात्र तुकडा ऐकून सांगितलं की घरघर थोडी खाली जाईल, पूर्ण जाणार नाही, पूर्ण घालवली तर जवारी जाईल. काम त्याला दिलं. त्यातल्या दोन बंदिशी त्याने हात न लावता परत पाठवल्या, या पुन्हा गाऊनच नीट होतील म्हणाला, आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.