शाम्पू आणि कंडिशनर: फरक विद्युतभाराचा

दादर ते विरार लोकलच्या दारात उभं राहून घरी आलं की केसांत धूळ, घाम, तेल सगळं साचतं. ते काढायला शाम्पूच हवा. त्यातल्या सोडियम लॉरेथ सल्फेटच्या रेणूचं डोकं ऋणभारित असतं. ते पाण्याकडे ओढ घेतं, तर शेपटी तेलात रुतते. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला वेढतात आणि मळ पाण्याबरोबर वाहून जातो.

कंडिशनरमधलं सेट्रिमोनियम क्लोराइड बरोबर उलट, धनभारित. ओला केस ऋणभारित असतो, घासलेल्या टोकांशी तर जास्तच. म्हणून ते तिथे चिकटतं आणि गुंता सुटतो. मळ काढण्यात मात्र ते कमी पडतं.

दोन्ही एकत्र कालवू नका, विरुद्ध भार एकमेकांना जखडतात आणि धड फेसही होत नाही. (अशा रेणूंचे भाररहित आणि उभयभारी, म्हणजे धन-ऋण दोन्ही भार असलेले, असे आणखी दोन गट आहेत. सौम्य शाम्पूतलं कोकामिडोप्रोपिल बीटेन उभयभारी.)

निवडायचं झालंच, तर मुंबईच्या दमट हवेत मी शाम्पू निवडेन. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नको.